विसावं नाव

“चहा नको, पोर द्या.”

दारात उभ्या राहून आमच्या बाई असं म्हणायच्या. घरातली बाई बिचारी पातेलं घ्यायला वळलेली असायची, ती तशीच थांबायची. मे महिन्याचं ऊन, हातात काळी छत्री, खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत नोंदणीचे कोरे कागद, आणि दोन पावलं मागे मी. सुट्टीत दारोदार पोरं मागत फिरणाऱ्या मराठी शाळेच्या बाई तुम्हीही कुठे ना कुठे पाहिल्या असतीलच. तुमच्या दारात आल्या असतील तर तुम्ही त्यांना चहाही पाजला असेल. पोर दिलंत का, ते मी विचारत नाही. विचारायला मला तोंड नाही. का नाही, ते सांगायलाच बसलेय.

मी त्या शाळेत खिचडी शिजवायची. माझी स्वतःची शाळा चौथीत सुटली. पुढचं वाचन मी तेलाच्या डब्यांवर आणि पुड्यांच्या कागदांवर केलं, म्हणून माझं लिहिणं हे असं बोलल्यासारखं आहे, सांभाळून घ्या. बाई मला मावशी म्हणायच्या. तशी आमच्या वयात फार तफावत नव्हती, पण खिचडीवाली म्हटली की ती मावशीच.

शाळा निजामपुऱ्याच्या बाजूला, गल्लीच्या टोकाला. दोन खोल्या, एक पडवी, आणि दोन्ही अंगांना कापड विणायचे लूम. दिवसभर खटाखट. पहिलीचं पोर आठवड्याभरात ओरडून बोलायला शिकायचं, कारण हळू बोललेलं ऐकूच यायचं नाही. बाईंचा आवाज तर असा, की लूमवरचा कारीगर खिडकीतून डोकावून सातचा पाढा म्हणायचा. शुक्रवारी लूम बंद. गल्ली एकदम शांत. पण बाईंची पट्टी तीच. पोरं कानात बोटं घालून ओरडायची, “बाई, आज शुक्रवार हाय!”

“हाय नाही, आहे!” बाई आणखी वरच्या आवाजात.

एक गुरुजी होते, त्यांची बदली झाली. त्यांच्या जागी कोणी आलंच नाही. बाई एकट्याच चार वर्ग सांभाळायच्या. पहिली-दुसरी एका खोलीत, तिसरी-चौथी दुसऱ्या खोलीत, आणि बाई मधल्या दारात. एका हाताने इकडे बेरीज, दुसऱ्या हाताने तिकडे नकाशा. खडूचा एवढासा तुकडा उरला तरी टाकायच्या नाहीत, चिमटीत धरून लिहायच्या. आणि अक्षर म्हणाल तर फळा पुसायला हात धजत नसे. त्या अक्षराचा त्यांना गर्व होता, खोटं कशाला सांगू. साहेब लोक आले की फळ्यावर सुविचार जरा जास्तच वेळ लिहीत बसायच्या.

रागीट होत्या. लग्न केलं नव्हतं. मेच्या फेरीत लोक हमखास टोमणा मारायचे, “बाई, तुमचं पोर कोणत्या शाळेत?”

“मला नाही. असतं तर माझ्याच वर्गात बसलं असतं आणि सगळ्यात जास्त मार खाल्ला असता.”

“म्हणून बोलता.”

“म्हणूनच बोलते.”

एका लूमवाल्या चाचांनी एकदा आम्हाला खुर्च्या दिल्या, पंखा लावला, आणि म्हणाले, “बाई, बुरा मत मानो. मराठी शिकून करायचं काय? लूमवर हिंदी लागते, ऑफिसात इंग्लिश.”

बाई म्हणाल्या, “चाचा, तुम्ही कुठल्या शाळेत होतात?”

चाचा हसले. “याच. तुमच्या आधीच्या बाईंकडे.”

“मग तुमचं काय बिघडलं?”

“कुछ नहीं बिगडा. पण जमाना बिघडला ना.”

त्यांचा नातू इंग्लिश शाळेच्या पिवळ्या व्हॅनने जायचा. चाचांनी आम्हाला सरबत पाजलं आणि नातवाची धाकटी बहीण दिली. शबनम तिचं नाव. मुलगी आहे, गल्लीतल्या शाळेत गेली तर चालेल, असा हिशोब. आम्हाला पोरं मिळायची ती अशीच. एका घरातला मुलगा व्हॅनमध्ये, मुलगी आमच्याकडे. बाईंना ते टोचायचं, पण नाव लिहून घ्यायच्या.

त्या वर्षी वरून कागद आला होता. पट, म्हणजे हजेरीवरची नावं, वीसच्या खाली गेला की शाळा बंद करायची आणि पोरं महामार्गापलीकडच्या मोठ्या शाळेत टाकायची. सप्टेंबरच्या शेवटी मोजणी. मेअखेर आमची नावं एकोणीस झाली. बाईंनी घाम पुसला आणि माझ्याकडे पाहिलं.

“मावशी, तुमच्या घरी एक आहे ना?”

माझी नात आरोही. तिची आई, माझी सून वैशाली, तिच्यासाठी इंग्लिश शाळेच्या मागे होती, पण तिथे जागा मिळाली नव्हती. “तोवर घाला बाईंकडे,” असं म्हणून तिने होकार दिला. आरोही विसावी. बाईंनी तिचं नाव लिहिलं, खाली रेघ मारली, आणि त्या दिवशी पहिल्यांदा माझ्या घरी चहा घेतला.

आरोही बडबडी. बाई तिला रेडिओ म्हणायच्या. खिचडी वाढताना ती माझ्या पदराला धरून सगळ्या शाळेची खबर सांगायची. कोणाचा दात पडला, कोणी कोणाला चिमटा काढला, बाईंनी कोणाला मारलं आणि मग कोणाला गोळी दिली.

गणपती उठले आणि वैशाली एक दिवस ड्युटीवरून थेट शाळेत आली. ती गोडाउनमध्ये कामाला आहे. गळ्यात ओळखपत्र तसंच होतं. मी पडवीत भांडी घासत होते, मला सगळं ऐकू येत होतं.

“बाई, दाखला पाहिजे होता. आरोहीचा. इंग्लिश मीडियमला एक सीट निघालीये. आठ दिवसांत दाखला आणा म्हणाले.”

बाईंनी खडू खाली ठेवला. “तीन महिन्यांत तिला इथं काय कमी पडलं?”

“तिला नाय पडलं. मला पडलं.”

आता हे सांगितलं पाहिजे, वैशालीही बाईंचीच विद्यार्थिनी. पहिली ते चौथी.

“मी पहिली यायचे ना, बाई? आठवतं?”

“एकदाही दुसरी आली नाहीस.”

“मग ऐका. गोडाउनमध्ये सहा वर्षं झाली. कुठला माल कुठल्या रॅकवर, मला पाठ आहे. मी जिला काम शिकवलं ती पोरगी सुपरवायझर झाली. तिला इंग्लिशमध्ये मेल लिहिता येतो. साहेब मला काय बोलले माहितीये? ‘तुम काम में एक नंबर हो, लेकिन बात नहीं कर पाओगी.’ मला, बाई! तुमच्या वर्गात कोणाला बोलू न देणाऱ्या मला!”

“इंग्रजी मीही शिकवते, वैशाली.”

“तुम्ही शिकवता ते पाठ होतं. बोलता येत नाही. माझं झालं ते झालं. तुम्हाला स्वतःचं पोर असतं ना, बाई, तर तुम्हीपण...”

आणि ती थांबली. बोलायला नको होतं, हे तिलाच कळलं. बाईंनी टेबलावरचा खडूचा चुरा तळहाताने एका जागी गोळा केला.

“तू पहिली यायचीस,” त्या म्हणाल्या. “तू म्हणतेस तर तसं असेल. उद्या ये, लिहून ठेवते.”

ती गेल्यावर मी ओल्या हातांनी आत गेले. “बाई, मोजणीला अकरा दिवस हायेत. तेवढे जाऊ द्या. आज साहेब नाहीत, उद्या शिक्का नाही, असं सांगा. सगळ्या शाळा करतात.”

“पोरीला कोंडून शाळा ठेवू का, मावशी?”

“कोंडायचं कुठं? अकराच दिवस.”

“तिची सीट आठ दिवसांची आहे.” आणि वह्या तपासायला लागल्या. विषय संपला.

पुढचं मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही.

दाखला लिहायचा तर जनरल रजिस्टर लागतं. लाल कापडी पाठीचं जाडजूड पुस्तक, शाळा निघाल्यापासूनच्या प्रत्येक पोराचं नाव, गाव, जन्म त्यात. ते नसेल तर दाखला नाही. त्याच दिवशी शाळा सुटताना बाई पोरांना रांगेत उभं करत होत्या, कपाट उघडं होतं. मी ते रजिस्टर पदराखाली घेतलं आणि तांदळाच्या कोठीत रिकाम्या गोणपाटाखाली ठेवून दिलं. माझ्या मनात एवढंच, की आठ दिवस गेले की सीट जाईल, आरोही इथंच राहील, शाळा राहील. माझी खिचडीही राहील, हेही मनात होतं. तो स्वार्थ वगळून सांगितलं तर ते खोटं होईल.

बाईंनी रजिस्टर शोधायला सुरुवात केली. कपाट रिकामं केलं. टेबलावर खुर्ची ठेवून माळ्यावर चढल्या, मी खालून खुर्ची धरली. विचार करा, मी खुर्ची धरली! धुळीने त्यांना ठसका लागला, मी पाणी दिलं. वैशाली दुसऱ्या दिवशी आली, चौथ्या दिवशी आली. बाई म्हणायच्या, “सापडत नाही गं, खरंच सापडत नाही.” बाईंच्या तोंडून हे शब्द कोणी कधी ऐकले नव्हते. त्यांच्याकडे वीस वर्षांपूर्वीची हजेरी मागितली तरी हात लावून काढून द्यायच्या. वैशालीने का विश्वास ठेवावा?

“अडवताय ना मला?” ती म्हणाली. “पटासाठी?”

पाचव्या दिवशी तिने वर तक्रार केली. सहाव्या दिवशी शिक्षण खात्याचे साहेब ती तक्रार घेऊनच आले. पोरं वर्गात, मी पातेल्याशी, आणि साहेब पडवीत उभे राहून चढ्या आवाजात, “बाई, दाखला अडवणं गुन्हा आहे, माहीत नाही तुम्हाला? तुमच्यासारख्या जुन्या माणसांनी असं करायचं?” शेवटी तक्रारीचा कागद त्यांच्या हातात दिला. त्यासोबत नोटीस. एवढ्या नोकरीतली पहिली.

बाईंनी तक्रार उभ्यानेच वाचली. दोनदा वाचली. मग माझ्याकडे कागद धरून म्हणाल्या, “बघा मावशी, अर्ज कसा लिहिलाय. एकही चूक नाही. अक्षर बघा.”

ते अक्षर त्यांचंच होतं हो. तीच वळणं, तशीच ओळीला चिकटलेली रेघ. पोरगी त्यांच्याकडे शिकली आणि त्यांच्याचविरुद्ध इतकं सुंदर लिहून आली, आणि बाईंना आधी अक्षरच दिसलं.

मला मग राहवलं नाही. साहेब मोबाइलवर बोलत दारापर्यंत गेले तेवढ्यात मी कोठीत हात घातला, रजिस्टर काढलं आणि टेबलावर ठेवलं. लाल पाठीवर तांदळाचा कोंडा. बाईंनी रजिस्टराकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मी वाट बघत होते. ओरडल्या असत्या, मारलं असतं तरी चाललं असतं.

“मावशी,” त्या म्हणाल्या, “खिचडी खाली लागेल हां.”

आणि पदराने कोंडा पुसला.

साहेबांना बाईंनी लिहून दिलं, “रजिस्टर माझ्या नजरचुकीने इतर कागदांत गेलं होतं, आज सापडलं, झाल्या प्रकाराची जबाबदारी माझी.” साहेब हसले. “आम्ही आलो तेव्हाच बरं सापडलं!” वैशालीला घरी कळलं तेव्हा तीही हेच म्हणाली. मी भाजी निवडत होते. निवडत राहिले.

दाखला बाईंनी त्याच दुपारी लिहिला. आरोहीला समोर बसवून घेतलं. “रेडिओ, तुझं पूर्ण नाव सांग.” आरोहीने सांगितलं, वर बापाचं, आज्याचं, मांजरीचंही सांगितलं. बाई हसल्या. वर्तणुकीच्या रकान्यात लिहिलं, उत्तम. सही केली, शिक्का मारला, फुंकर घालून वाळवला. नंतर हजेरी उघडली आणि विसाव्या नावावर लाल शाईने आडवी रेघ मारली. पट्टी लावून. तिरकी रेघ त्यांना चालायची नाही.

मोजणीत एकोणीस भरले. दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडलीच नाही.

मोठ्या शाळेत जेवण टेम्पोने यायचं, तिथे माझं काम नव्हतं. बाईंना पडघ्याकडच्या एका शाळेत पाठवलं. इथल्यासारखं मुख्याध्यापिका म्हणून नाही, साध्या शिक्षिका म्हणून. नोकरीचं शेवटचं वर्ष होतं.

एकोणिसांतली बहुतेक पोरं महामार्गापलीकडे जाऊ लागली. शबनम आणि आणखी दोन मुली घरी बसल्या. त्या रस्त्यावर कंटेनर असे धावतात की मोठी माणसंही हात धरून ओलांडतात. “एवढीशी पोर एकटी कशी पाठवायची?” चाचांची सून म्हणाली, आणि तिचंही काही चुकलं नव्हतं. शबनम घरातच कापडाच्या घड्या घालायला बसली.

हे बाईंना कळलं. शनिवारी अर्ध्या दिवसाची शाळा, ती सुटली की त्या पडघ्याहून एसटीने यायच्या. उन्हातान्हात. तिन्ही मुलींना घरून उचलून आमच्या शाळेच्या बंद दाराशी, पायरीवर बसवायच्या आणि शिकवायच्या. आठवड्याचा एक दिवस. बाजूला लूम, आणि बाईंचा तोच आवाज.

मी डबा घेऊन जायची. एकदा त्यांनी विचारलं, “आरोही कशी आहे?”

मी खरं सांगितलं. “बोलत न्हाय, बाई. तिथं मराठी बोललं की फळ्यावर नाव लिहितात. ती घरीपण बोलत न्हाय आता. विचारलं की नुसती मान हलवते.”

बाईंनी शबनमच्या पाटीवरचं एक अक्षर गिरवून दिलं.

“मीपण तेच केलं की हो,” त्या म्हणाल्या. “हाय म्हटलं की उभं करायची मी. तुमच्या वैशालीला तर किती वेळा उभं केलंय. मला वाटायचं, शिकवतेय.”

मी म्हटलं, “तुमची गोष्ट येगळी, बाई.”

“कशी वेगळी?” त्यांनी विचारलं. खरंच विचारलं, उत्तर हवं असल्यासारखं. मी डबा उघडून पुढे सरकवला.

त्याच दिवशी मी सांगणार होते. रजिस्टराचं. म्हणजे त्यांना ठाऊकच होतं, पण माझ्या तोंडून. आणि हेही, की मी वैशालीला खरं काय ते सांगते. मी सुरुवात केली, “बाई, त्या दिवशी मी...” तर त्यांनी डब्याचं झाकण लावलं आणि म्हणाल्या, “घरात वाद नको, मावशी. तुम्हाला तिच्याजवळच राहायचंय.”

मी ती परवानगी धरून बसले. सोयीची होती ना.

एसटी स्टँडकडे जायचा त्यांचा रस्ता आमच्या दारावरून. वैशालीला शनिवारी सुट्टी असली की ती ओट्यावर कपडे वाळत घालत असायची. बाई दिसल्या की ती आत जायची आणि दार ओढून घ्यायची. आपटायची नाही, नुसतं ओढायची. बाई क्षणभर थांबायच्या. एकदा रस्त्यावरूनच म्हणाल्या, “वैशाली, बरी आहेस ना गं?” दाराआड आम्ही दोघी होतो. वैशालीने माझ्याकडे पाहिलं, मी खाली बघितलं. बाहेर छत्री उघडल्याचा आवाज आला आणि बाई गेल्या.

आरोही आता इंग्लिश चांगलं बोलते. पाहुणे आले की वैशाली तिला कविता म्हणायला लावते आणि तिचा चेहरा बघण्यासारखा होतो. गोडाउनमध्ये ऐकलेलं सगळं त्या वेळी धुऊन निघतं. सुनेचं चुकलं असं मी म्हणणार नाही. बाईही कधी म्हणाल्या नाहीत. मला मात्र शाळेत काय झालं हे आरोही सांगत नाही, आणि सांगितलं तरी मला कळायचं नाही.

बाई गेल्या त्या थंडीत. निवृत्त व्हायला तीन महिने राहिले होते. पडघ्याला वर्गातच छातीत दुखलं, ठाण्याला नेईपर्यंत संपलं. मला दुसऱ्या दिवशी कळलं. मी गेले तोवर सगळं उरकलं होतं. त्यांच्या बहिणीने मला पाणी दिलं आणि विचारलं, “तुम्ही कोण?” मी म्हटलं, “मी खिचडी करायची.”

संध्याकाळी मी भाकऱ्या थापत होते तेव्हा वैशाली कामावरून आली. तिलाही मोबाइलवर कळलं होतं. तिने तोंड धुतलं, बराच वेळ धुतलं. मग पाटावर येऊन माझ्याजवळ बसली. डोळे लाल होते.

“आई, माझं अक्षर त्यांनी घडवलं,” ती म्हणाली. “हात धरून. गोडाउनमध्ये अजून सगळे विचारतात, कुठं शिकलीस म्हणून.”

ती गुडघ्यावर हनुवटी टेकून चुलीकडे बघत होती.

“चांगल्या होत्या. मी एकदा भेटायला जायला पाहिजे होतं. पण मन होत नव्हतं. मला अडवायला नको होतं त्यांनी, आई.”

तव्यावर भाकरी होती. मी ती उलटली.

“हो,” मी म्हटलं. “नको होतं.”